डोळे उघडेपर्यंत

रिमोटचं बटण तिनंच दाबलं होतं. बाल्कनीत यंत्रावर ओणवा झालेला एसीवाला म्हणाला, "हं, लावा आता," आणि सोफ्याच्या हातावर बसल्या बसल्या तिनं लावलं. बाहेरचा पंखा थंडीभर झोपून उठल्यासारखा घरघरला, मग खट् असा एक आवाज झाला, आखूड आणि ओला, आणि पंखा अडून राहिला. "बंद करा," एसीवाला म्हणाला. तो ओरडला नाही, म्हणून तिला वाटलं, काही विशेष नसेल, एखादी काटकी अडकली असेल. चहाचा कप खाली ठेवून ती दारात गेली तेव्हा त्यानं जाळी उघडली होती आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात तो काहीतरी गुंडाळत होता. कागदाबाहेर झुपकेदार शेपटी तेवढी राहिली होती, अजून फुललेली; तिला जणू कुणी कळवलंच नव्हतं. "खारुताई गेली," तो म्हणाला.

माणसं असं म्हणतातच. लहानपणी बडबडगीतात शिकलेला शब्द मिशा आल्या तरी तोंडात तसाच राहतो. पण ती दाराची चौकट धरून उभी राहिली. त्यातला मागचा भाग तिनं फार वर्षांपूर्वी इस्पितळाच्या एका लांबलचक, फिनेलचा वास मारणाऱ्या बोळात ऐकला होता. ताई गेली. तिचे वडील म्हणाले होते, भिंतीकडे बघून. तेव्हा ती ऐन विशीत होती, तिच्या हातात थर्मास होता, आणि त्याचं झाकण घट्ट बसलंय की नाही हे ती पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिली होती. आता हातात रिमोट होता. तिनं तो उलटा करून उगाच बॅटरीचं झाकण चाचपलं.

"आणि ही," एसीवाला म्हणाला. यंत्र आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून त्यानं एक गोळा ओढून काढला होता. कापूस, सुतळी, वाळकं गवत आणि तिच्याच दारातल्या पायपुसण्याचे हिरवे दोरे. ते दोरे कोण कुरतडतंय म्हणून गेला आठवडाभर ती उंदरांवर चरफडत होती. गोळ्याच्या पोटात तीन जीव वळवळत होते. "कुठे टाकू, बाई?"

"टाकू नका. द्या इकडे."

आपण असं म्हणालो हे तिलाच मागाहून ऐकू आलं. ती काही प्राण्यांना कवटाळणारी बाई नव्हती. कबुतरांना काठीनं हुसकायची, शेजारच्या कुत्र्याला जिन्यात भिंतीला चिकटून वाट द्यायची. भूतदया वगैरे तिच्या गावीही नव्हती. पण तिनं हात पुढे केले आणि तळव्यावर ते आले तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवला तो रंग. केसाचा मागमूस नाही, बोटाच्या पेरांएवढी लांबी, डोळ्यांच्या जागी कातडीखाली निळसर ठिपके, आणि सगळीकडे तो एकच गुलाबी. हा रंग तिच्या रोजच्या बैठकीतला होता. कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये तिचं उभं आयुष्य गेलं होतं. हिरड्यांचा गुलाबी ती डोळे मिटून कालवू शकली असती. मात्र तो रंग कायम थंड असायचा. हा कोमट होता, आणि भराभर निवत चालला होता.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई फोनवर घाईत होत्या, पण तुटक नव्हत्या. आधी ऊब, मग दूध, त्या म्हणाल्या. गार पिल्लाच्या पोटात दूध गेलं तर ते पोटातच नासतं. गाईचं देऊ नका, कुत्र्याच्या पिल्लांची पावडर मिळते ती आणा. ड्रॉपरनं, थेंब थेंब. नाकात गेलं तर ते छातीत उतरतं, मग हाती काही लागत नाही. पाजून झालं की ओल्या कापसानं खालून पुसायचं, आई चाटते तसं, नाहीतर त्यांना शू होत नाही. "आणि जगतीलच असं धरून चालू नका," त्या म्हणाल्या. "डोळे उघडेपर्यंत ती तुमची. पुढे हात आखडता घ्यायचा. माणसाची सवय लागली की बाहेर टिकत नाहीत."

यातलं पहिलं सगळं तिला सांगायची गरज नव्हती. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळताना तिच्या लक्षात आलं की टॉवेलाची घडी आपण तिरकी घालतोय, म्हणजे एका बाजूला पदर जाड आणि एका बाजूला पातळ, जीव ज्याला जिथे सोसेल तिथे सरकेल. ही घडी तिची तिनंच शोधून काढली होती, तेव्हा, ताईच्या मुलीसाठी. मुलगी दिवस भरायच्या आत आली होती. ताई दोन दिवस तापानं फणफणत राहिली आणि गेली, आणि इस्पितळातून घरी आलं ते कापसात गुंडाळलेलं एक बोचकं, रडायचंही त्राण नसलेलं. आई खोलीचं दार लावून पडून असायची. वडील बाजारात जायचे आणि काही न आणता परत यायचे. उरली ती. तिनं चमचा टाकून ड्रॉपर धरला, कारण चमच्यानं निम्मं गळ्यावर ओघळायचं. येणारे जाणारे म्हणत, माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ते खोटं नाही. तेव्हा ऐकून तिला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटे. त्या म्हणीत मावशीनं जगायचं एवढंच सांगितलंय, जगून पुढे काय करायचं हे सांगितलेलं नाही, हे तिच्या फार उशिरा ध्यानात आलं. आता पहिल्या पिल्लानं ड्रॉपरच्या टोकाला तोंड लावलं, चार थेंब ओढले, आणि तिचं एक बोट आपसूक त्याच्या पाठीवर थोपटायला लागलं. खारीच्या पिल्लाला ढेकर काढायला कुणीही सांगितलं नव्हतं. तिनं बोट थांबवलं. मग कुणी बघत नव्हतं म्हणून पुन्हा सुरू केलं.

लॅबमध्ये ती बुटांचा खोका घेऊन गेली. लॅब म्हणजे एका दवाखान्याच्या मागची लांबट खोली. खिडकीशी प्लॅस्टरचे जबडे वाळत ठेवलेले, मधल्या टेबलावर मेणाचे पत्रे, सुऱ्या, छोटे दिवे, आणि सगळ्यावर पांढऱ्या धुळीचा हलका थर. मालक म्हातारे होते, चष्म्यावरून बघायचे. त्यांनी खोक्यात डोकावलं. मग म्हणाले, "खारीचा वाटा ऐकला होता, बाई. तुम्ही आख्खं कुटुंबच आणलंत." मेण मऊ करायचं गरम पाण्याचं भांडं होतं त्याच्या शेजारचा कोपरा त्यांनी स्वतः पुसून दिला. "कुणी विचारलं तर सांगू, दात येईपर्यंत ठेवलीत. आपल्याकडे सगळे त्यासाठीच येतात." ती हसली. काम आणि पाजणं, पाजणं आणि काम. मेणात दाढ बसवायची, हात धुवायचे, ड्रॉपर भरायचा, पुन्हा हात धुवायचे, सुळा बसवायचा. मधल्या वेळात तिला भास व्हायचा की खोक्यातून आवाज आला. आवाज नसायचा. असा भास तिला पूर्वी एका काळी महिनोन्‌महिने होत असे, रिकाम्या घरात, आणि तेव्हा ती उठून बघायलाही जात असे. काय बघायला ते तिला ठाऊक असायचं, आणि तिथे ते नाही हेही.

तीनातलं सगळ्यात लहान पिल्लू तिसऱ्या दिवशी दुपारी गेलं. तिनं इतर दोघांच्या खालून त्याला उचललं तेव्हा ते मेणासारखंच थंड आणि जरासं ताठ लागलं. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि राग कुणाचा ते सापडेना. एसीवाल्याचा नव्हता, पंख्याचा नव्हता, स्वतःचा असावा असं वाटून तिनं तो स्वतःवर घालून पाहिला, तो तिथेही नीट बसेना. माप चुकलेल्या कवळीसारखा टोचत राहिला. मालकांनी आपल्या खिडकीतली कुंडी पुढे सरकवली आणि सुरीनं माती उकरून दिली. "या दोघांना आता जास्त दूध मिळेल," ते म्हणाले, आणि आपण भलतंच बोललो असं वाटून जबड्यांची रांग सारखी करायला गेले.

भाचीचा फोन आला तो त्याच आठवड्यात. भाची कधी फोन करते हे ठरलेलं होतं: वाढदिवसाला, आणि वर्षअखेरीला. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसलं की हिच्या मनात पहिल्यांदा तारीख यायची. आज दोन्ही नव्हतं. "मावशी, तुम्हाला वेळ आहे का? बाबांचे सगळे दात काढायला सांगितलेत. कवळी लागणार. म्हटलं, तुमच्या हातची असेल तर बरं." तुम्ही. साऱ्या जगात मावशीला तू म्हणतात, आईला म्हणतात तितक्याच सहज. ही तुम्ही म्हणायची, आणि ते इतक्या गोड आवाजात म्हणायची की त्यावर बोट ठेवता येऊ नये. "बाबांचे कान माझ्याकडे आहेत, दात तुमच्याकडे देते," भाची म्हणाली. लोकांची ऐकू येण्याची तपासणी करायचं काम होतं तिचं. आवाज न शिरणाऱ्या काचेच्या खोलीत बसून ती माणसांच्या कानात बारीक बारीक शिट्ट्या सोडायची. "जुना फोटो आण त्यांचा," ही म्हणाली. "हसतानाचा. दात कसे होते ते बघून लावते." खरं म्हणजे फोटोची गरज नव्हती. भाऊजींचे वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर किंचित चढलेले होते, डावा उजव्यावर, आणि हसताना ते आधी ओठ मिटून घेत, मग नाइलाज झाल्यासारखे हसत. हे तिला ताईच्या लग्नापासून पाठ होतं.

भाऊजी चांगले होते. तीच तर अडचण होती. वाईट माणसानं ताईची मुलगी नेली असती तर भांडता आलं असतं. ताई जाऊन वर्ष उलटल्यावर घरात कुजबुज सुरू झाली, आणि आत्या, जिच्या पोटात काही राहत नसे, एक दिवस बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? धाकटी आहे की घरात. मुलगी तिच्या अंगाखांद्यावर वाढतेय." ती तेव्हा स्वयंपाकघरात होती. गॅसवर दुधाची बाटली उकळत होती. बाहेर कुणीतरी खाकरलं. मग भाऊजींचा आवाज आला, हळू, विचार करून बोलणाऱ्या माणसाचा: "नको. तिनं आधीच खूप केलंय. तिच्या आयुष्याचं का वाटोळं करायचं?" सगळ्यांना ते पटलं. किती समंजस माणूस, असं पुढे वर्षभर सगळे म्हणत राहिले. स्वयंपाकघरात कुणी आलं नाही. भांड्यातलं पाणी आटलं, रबराचं बूच भांड्याच्या बुडाला चिकटून जळलं, त्या वासानं आई आत आली आणि म्हणाली, लक्ष कुठे आहे तुझं? विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? या प्रश्नाचं उत्तर तिनं वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळं दिलं होतं. तिशीत ती म्हणायची, हो म्हणाले असते, मुलीसाठी. चाळिशीत म्हणायची, नुसतं मुलीसाठी नाही. आता पन्नाशी उलटल्यावर तिला वाटायचं, नाही म्हणायलाही मला आवडलं असतं. पण ते म्हणायला कुणीतरी आत यायला हवं होतं.

पिल्लांच्या पाठीवर आधी राखाडी छाया आली, पेन्सिल घासल्यासारखी. मग त्या छायेत पट्टे उमटले. ती रोज त्यांना भिंगाखाली धरून बघायची, ज्या भिंगाखाली दातांवरच्या रेघा कोरायची त्याच. एक पिल्लू हावरट होतं, ड्रॉपरला दोन्ही हातांनी धरायचं आणि दूध संपलं की तिच्या अंगठ्याला चोखायचं. दुसरं सावध, आधी वास घेणारं. झोपेत दोघं एकमेकांच्या पोटात डोकं खुपसून अशी गुंतायची की कोणती शेपटी कुणाची ते कळायचं नाही. तुलना करायची नाही असं तिनं ठरवलं होतं. माणसाचं मूल कुठे, खारीचं पिल्लू कुठे. पण तुलना काही बोलावून येत नाही. हात ओला असताना, पाठ दुखत असताना, दुधाच्या पावडरीच्या त्या गोडसर, किंचित आंबूस वासातून ती येऊन बसायची. त्या वासात एक सगळं घर होतं: पडदे ओढलेली खोली, सुतळीवर वाळत टाकलेले तळहाताएवढे कपडे, आणि छातीवर झोपलेलं एक ओझं, इतकं हलकं की ते तिथे आहे की नाही हे बघायला श्वास रोखून धरावा लागे.

भाची आली ती रविवारी सकाळी. फोटो आणला होता, पाकिटात नीट घालून. तिनं बूट दारात काढले, खुर्चीच्या कडेवर बसली, पाणी नको म्हणाली, मग घेते म्हणाली. खोक्यातून चुळबुळ झाली आणि तिचं डोकं एकदम वळलं, कानाचा धंदा असलेल्या माणसाचं वळतं तसं. "काय आहे ते?" हिनं दाखवलं. भाची फरशीवर मांडी घालून बसली आणि एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. "मी पाजू?" हिनं ड्रॉपर दिला, पिल्लू कसं उभं धरायचं ते दाखवलं. पाजताना पिल्लू ठसकलं, नाकाशी दुधाचा बुडबुडा आला, आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "अगं ठके, हळू, खाली कर तोंड त्याचं." पिल्लू उलटं करून, नाक पुसून, दोघींनी जरा वेळ श्वास घेतला. भाचीनं पिल्लू कानाशी धरलं, डोळे मिटले. काचेच्या खोलीत अशीच बसत असेल, हिला वाटलं. "घरघर नाही," भाची म्हणाली. "छाती स्वच्छ आहे." मग डोळे न उघडताच विचारलं, "ठकी कोण?"

"आमच्याकडे एक मांजर होतं," ती म्हणाली. खोटं किती चटकन तयार होतं, साच्यातून काढल्यासारखं, कडासुद्धा घासाव्या लागत नाहीत. भाचीनं मान डोलावली. पिल्लू खाली ठेवताना तिनं त्याच्यावर टॉवेलाचं टोक ओढलं आणि म्हणाली, "बाबा सांगतात, माझंही तुम्हीच केलंत. असंच ना? लहानपणी." तिच्या आवाजात कृतज्ञता होती, आणि ती कृतज्ञता कुणी तरी इतिहासाच्या तासाला शिकवलेल्या गोष्टीसारखी होती, खरी, पण दुसऱ्याची. "असंच," ही म्हणाली. "याहून जरा मोठी होतीस."

ती गेल्यावर हिनं फोटो काढून टेबलावर ठेवला. भाऊजी समुद्रासारख्या कशापुढे तरी उभे राहून हसत होते, ओठ मिटायच्या प्रयत्नात, आणि त्यांच्या कोपराशी त्यांची दुसरी बायको, भाचीची आई, जी तिला गेली सत्तावीस वर्षं आई होती आणि चांगली आई होती. हिनं तो फोटो दातांसाठी पाहिला. मग दातांसाठी नाही असाही पाहिला. मुलीला न्यायला भाऊजी आले होते तो दिवस तिच्यापुढे असाच येत असे, एखाद्या तुकड्यानं, बाकीचा भाग कापलेला. दोन वर्षांची मुलगी, अंगात नवा फ्रॉक. गाडीत बसायला मिळणार म्हणून ती टाळ्या पिटत होती. हिनं पिशवीत औषधं घातली, कोणतं कधी ते नव्या आईला दोनदा सांगितलं, तिरक्या घडीचं मात्र सांगायचं राहिलं. गाडी हलली. मुलीनं मागे वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरच्या आरशाला लटकवलेलं काहीतरी हलत होतं, ते ती बघत होती. आई म्हणाली, "रडली नाही गं, गुणी पोर." आणि मग, "आता काही दिवस जाऊ नकोस. रुळू दे तिला." ती गेली नाही. सांगितलं त्याहूनही जास्त दिवस गेली नाही, शहाण्यासारखी. गेली तेव्हा मुलगी नव्या आईच्या गुडघ्यामागे लपली आणि एका डोळ्यानं तिच्याकडे बघत राहिली. त्या डोळ्यात भीती नव्हती, नुसतं कुतूहल होतं, पाहुण्याबद्दल असतं तेवढं. त्या एका डोळ्यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य अडकून राहिलं, असं म्हणणं नाटकी होईल. तिनं काम केलं, घर घेतलं, आईवडिलांचं शेवटपर्यंत केलं, स्थळं आली ती परतवली किंवा परतली. पण रस्त्यात एखादं मूल आईच्या मागून डोकावलं की ती अजूनही दुसरीकडे बघायची.

पिल्लांचे डोळे उघडले ते एकाच दिवशी नाहीत. हावरटाचा आधी उजवा, रेघेएवढा, मग डावा. त्या रेघेतून काळं, ओलं, चकचकीत काहीतरी तिच्याकडे लागलं, आणि तिचा चेहरा त्याच्या अगदी जवळ होता. त्यानं काय पाहिलं असेल? एक मोठा गुलाबी ढग. त्यानं तिचा अंगठा शोधला आणि चोखायला लागलं. डॉक्टरीणबाईंचे शब्द तिला आठवले, आणि तिनं ते ऐकू न आल्यासारखं अजून दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी हावरट तिच्या बाहीतून खांद्यावर चढला, मानेशी गोल झाला आणि झोपला. ती हललीच नाही. लॅबला उशीर झाला, मालकांचा फोन वाजून थांबला. मानेवरच्या त्या उबेत तिला वाटलं, ठेवूया. काय होतं ठेवलं तर? पिंजरा आणू, मोठा. कोण विचारणार आहे? यावेळी बाहेरच्या खोलीत कुणी बसलेलं नाही, माझ्या भल्याचं ठरवायला. आणि याचं भलं ठरवायला तर मीच बसलेय, हे ध्यानात आलं तेव्हा तिला मानेवरची ऊब सोसेना. तिनं त्याला अलगद सोडवलं. नखं कॉलरमध्ये रुतली होती, एकेक काढावी लागली.

मग तिनं हात आखडता घेतला. बाल्कनीत जाळीचा पिंजरा ठेवला, फांद्या घातल्या, दाणे, फळांच्या फोडी. पाणी ठेवताना बोलायची नाही. सुरुवातीला दोघं जाळीला चिकटून चिरचिर करायची, तिच्या पावलांचा आवाज ओळखून. ती आत भांडी घासत राहायची, नळ मोठा सोडून. हळूहळू चिरचिर कमी झाली. तिला बरं वाटलं आणि ते बरं वाटणं तिला मुळीच आवडलं नाही. त्याच दिवसांत भाऊजींची कवळी तयार झाली. डावा दात उजव्यावर किंचित चढवायचा की सरळ लावायचा यावर तिनं एक सबंध दुपार घालवली. मालक म्हणाले, "लोक पैसे देऊन वाकडे सरळ करून घेतात, तुम्ही सरळाचे वाकडे करताय." तिनं चढवलेलाच ठेवला. दवाखान्यात कवळी बसवायला ती गेली नाही, कवळीच गेली.

पिंजऱ्याचं दार उघडायचं ठरलं त्या सकाळी भाची न सांगता आली. तिच्या हातात फळांची पिशवी होती. "बाबांना छान बसली," ती म्हणाली. "आरशात बघून म्हणाले, अरे, हा तर मीच." दोघी बाल्कनीच्या दाराआड उभ्या राहिल्या. हिनं काठीनं पिंजऱ्याची कडी ढकलली. बराच वेळ काही झालं नाही. मग सावध असलेलं पिल्लू आधी बाहेर आलं, कठड्यावर चढलं, शेपटीनं हवा झटकली आणि शेजारच्या झाडाच्या फांदीवर असं गेलं की जणू रोजच जात होतं. हावरट मात्र दारात बसून राहिला. तो दोनदा आत गेला, फोड कुरतडून आला. हा राहील, असं हिला वाटून गेलं, आणि त्याची तिला लाज वाटली. मग झाडातून चिरचिर ऐकू आली आणि तोही गेला. वळून बघायचं त्याला कारण नव्हतं. पुढे फांदी हलत होती, ती धरायची होती.

फांद्यांत आणखीही खारी होत्या. वरखाली पळत होत्या, एकमेकींच्या मागे. "ती आपलीच का?" भाचीनं बोट दाखवलं. हिनं डोळे बारीक करून पाहिलं. ज्यांच्या पाठीवरचे पट्टे उमटताना भिंगातून पाहिले होते, त्यांतला एकही तिला ओळखू येईना. सगळ्यांना तेच पट्टे, तीच शेपटी. "असेल," ती म्हणाली. "मला ओळखू येत नाहीये." आणि असं म्हणताना तिच्या मनात कुठेतरी घट्ट आवळलेली एक मूठ थोडी सैल झाली, गुडघ्यामागून बघणारा तो डोळा तिला आठवला, आणि पहिल्यांदाच त्या डोळ्याबद्दल तक्रार आठवली नाही.

भाची कठड्याला टेकली. "बाबांना विचारलं मी," ती म्हणाली. "ठकी कोण म्हणून. तुमच्याकडे मांजर कधी नव्हतं म्हणाले." मग म्हणाली, "म्हणाले, ठकी म्हणजे तू. नवे दात काढून वाटीत ठेवले आणि खिडकीत जाऊन बसले." कठड्यावर पडलेलं पान हिनं उचललं आणि पुन्हा ठेवलं. "दोन वर्षं होते ना मी तुमच्याकडे? त्यातलं मला काहीच माहीत नाही. म्हणजे झालं एवढं माहिताय. आईला विचारलं तर ती म्हणते, मी कुठे होते तेव्हा, मावशीला विचार." भाचीनं तिच्याकडे पाहिलं. "सांगाल का मला? सगळं. मी कशी होते ते."

तिला वाटलं होतं, कुणी विचारलंच तर धरण फुटावं तसं बाहेर येईल. पण आता विचारल्यावर काहीच येईना. सत्तावीस वर्षं ती हे स्वतःला सांगत आली होती, आणि स्वतःला सांगताना सुरुवात लागत नाही. ताईपासून सुरू करावं तर रडं येईल. कापसाच्या बोचक्यापासून करावं तर उपकार सांगितल्यासारखं होईल. ती आत जाऊन दोन खुर्च्या घेऊन आली, एक भाचीपुढे सरकवली, एकीवर स्वतः बसली.

"पहिल्यांदा हसलीस ती माझ्याकडे बघून नाही," ती म्हणाली. "मी सकाळपासून तुझ्यापुढे तोंडं वेडीवाकडी करत होते. तू ढिम्म. आणि आजोबांना शिंक आली, मोठी, भांडं पडल्यासारखी. त्या शिंकेला हसलीस."

"शिंकेला?"

"घरात तोवर कुणी हसलं नव्हतं. ताई गेल्यापासून. तुझं ते बोळकं बघून मला काय झालं कुणास ठाऊक, मी कागदाची सुरळी केली आणि म्हटलं, बाबा, पुन्हा शिंका. ते म्हणाले, वेडी आहेस का. मी सरळ सुरळी त्यांच्या नाकात घातली."

भाचीनं तोंडावर हात ठेवला. "घालू दिली त्यांनी?"

"बसले की नाक पुढे करून. एवढा करडा माणूस. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, शिंक काही येईना. तू वाट बघत होतीस. दार उघडून तुझी आजी बाहेर आली, काय चाललंय म्हणून. आणि ती आली तेव्हाच शिंकले."

"मग?" भाची म्हणाली. तिनं पाय खुर्चीवर घेतले होते.

"मग," ती म्हणाली. मग पुष्कळ होतं.